एका रात्रीचं अंतर

उलव्याच्या वेणूबाईची सून बाळंत झाली तेव्हा दुपार उतरली होती. पोरीला आदल्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या होत्या आणि मधे एकदा शुलामिथला वाटलं होतं की हिला आता खाटेवर घालून पनवेलला न्यावं लागणार. पण मूल आलं, रडलं. मुलगी होती. शुलामिथने तिला पुसून आजीच्या हातात दिलं, आपले हात कोपरापर्यंत धुतले आणि पडवीत येऊन भिंतीला टेकून बसली. समोर खाजण, त्याच्यापलीकडे मिठागरांचे चौकोन, आणि वर, बरंच वर, मुंबईकडे चाललेलं एक विमान. त्याचा आवाज त्याच्या मागून, जरा उशिराने येत होता. वेणूबाई नातीला घेऊन दारात आली आणि तीही वर बघायला लागली.

"बाई, तुमची लेक याच इमानान येनार काय?"

"याच नाही. अशाच एखाद्या."

"किती येल लागतो तिकरून यायला?"

"सात-आठ तास. मधे विमान बदलायचं असतं, तो वेळ धरला तर अर्धा दिवस म्हणा."

वेणूबाई नातीच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हंजी ही पोर यायच्या आत तुमची लेक येऊन परत बी गेली असती," ती म्हणाली. आणि मग तितक्याच साधेपणाने, "मंग इतकी वर्सं आली कशी नाय?"

"शाळा होती तिची."

"आनि तुमी?"

"मला इथे कामं असतात."

वेणूबाईने मान हलवली. तिला ते पटलं. कालपासून तिच्याच घरात ते काम चाललं होतं. ती चहा ठेवायला आत गेली. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, कुचकेपणा नव्हता. लांबून येणाऱ्या माणसाला वेळ किती लागतो, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. शुलामिथने चहा प्यायला, बाळंतिणीला काय द्यायचं, काय नाही ते सांगितलं, पिशवी उचलली आणि करंजाड्याच्या वाटेने पनवेलकडे निघाली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की ती चालताना मोजते आहे. पावलं नव्हे. मग काय, ते तिलाही सांगता आलं नसतं. सात-आठ तास हे उत्तर तिने गेल्या महिन्याभरात दवाखान्यात, बाजारात, मशिदीत, जो विचारेल त्याला दिलं होतं. पण ते उत्तर जर खरं असेल तर त्याच्या पुढचा प्रश्नही खरा होता, आणि तो आजवर कुणी विचारला नव्हता.

तिचा नवरा गर्शोम मुलीला घेऊन इस्रायलला गेला तेव्हा इतक्या कमी वेळात होत नसे. चोपन्न साल होतं, पंख्यांची विमानं होती. तरी तो म्हणाला होता, "एका रात्रीचं तर अंतर आहे. संध्याकाळी बसायचं, डोळा लागायचा, उठायचं ते तिकडेच." पनवेलच्या भातगिरणीत तो फिटर होता; यंत्राबद्दल बोलताना त्याचा आवाज नेहमी असा विश्वासाचा असे. एक रात्र हे काही अगदी खरं नव्हतं, दुसरा दिवसही अर्धा जात होता, पण सगळ्यांनी ते उचललं. मशिदीत, म्हणजे त्यांच्या बेने इस्रायली, कोकणातल्या ज्यू लोकांच्या प्रार्थनागृहात, मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं सगळ्यांच्या हातावर पडलं आणि जो तो म्हणत होता, एका रात्रीचं तर अंतर. सासूबाईंचे पाय तेव्हा सुजलेले असत. त्यांना पनवेलहून ठाण्याला मोटारीने नेलं तरी वाटेत ओकारी व्हायची. त्या म्हणाल्या, मी माझ्या माणसाला इथे पुरलंय, मी जायची नाही. मग गर्शोमने पुढे जायचं, मुलीला शाळेत घालायचं, घर मिळवायचं, आणि शुलामिथने आईला सांभाळून मागून यायचं असं ठरलं. कोणी ठरवलं ते तिला आता आठवत नव्हतं. कोणी भांडलं नव्हतं एवढं नक्की. जोकबेद नऊ वर्षांची होती. सांताक्रूझला कठड्याजवळ उभी राहून ती विमानाच्या खिडक्या मोजत होती आणि आपली कुठली असेल ते विचारत होती. निरोपाच्या वेळी शुलामिथला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. एका रात्रीच्या अंतरावर जाणाऱ्या माणसांसाठी कोण रडतं?

तिचे मामा एडनच्या बंदरात नोकरीला होते, त्यांची तिला आठवण झाली. ते बोटीने जायचे. त्यांना पोचवायला अर्धी आळी धक्क्यावर जायची, तिची आजी दोन दिवस जेवायची नाही, आणि बोट सुटताना असा आक्रोश व्हायचा की लहानपणी शुलामिथ कानात बोटं घालायची. समुद्र किती लांब आहे ते सगळ्यांना दिसत होतं. म्हणूनच की काय, मामा दर तीन वर्षांनी येत. खजूर आणि कापडाचे तागे घेऊन येत आणि महिनाभर राहत. गर्शोम कधीच आला नाही. केव्हाही येता येईल अशा ठिकाणी तो राहत होता.

सासूबाई त्यानंतर सात वर्षं जगल्या. पाय सुजलेले, पण जीभ शाबूत. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना त्या मुलाचं आणि नातीचं नाव घेत, आणि मग म्हणत, आता तिकडे अजून उजेड असेल. हे त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. शुलामिथ सकाळी नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जाई, दुपारी बाळंतपणं करत गावांमधून फिरे. पहिल्यांदा कोणाच्या तरी हाताखाली, मग एकटी. गव्हाण, उलवे, करंजाडे, मिठागरांच्या कडेकडेची वस्ती. बांधावरून जाताना बायका हाक मारत आणि कडेवरचं मूल दाखवून सांगत, हे तुमचंच, बाई. तिला ते ऐकायला आवडे. आवडतं असं ती स्वतःशी म्हणत नसे. तिकडच्या बेरशेबा गावाहून पत्रांतून खुशाली येई. गर्शोमला कारखान्यात काम मिळालं होतं, दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, जोकबेद शाळेत पहिली आली होती. तिकडे गेलेल्या तिच्या चुलतबहिणीबद्दलही कळलं होतं. तीही नर्स होती, पण तिकडे तिचं शिक्षण धरलं गेलं नाही आणि ती इस्पितळात चादरी धुण्याच्या कामाला लागली. हे वाचलं त्या दिवशी शुलामिथ बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होती.

मग एकसष्टच्या थंडीत सासूबाई गेल्या. मशिदीत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गोळा करायला दोन घरं पेणहून बोलवावी लागली, इतकी माणसं निघून गेली होती. सात दिवस सुतक पाळलं. आठव्या दिवशी सकाळी शुलामिथने घर झाडून काढलं, सासूबाईंची खाट भिंतीला उभी केली आणि आता आपल्याला जायचं आहे असं मनाशी म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं झाली. ती कोणाला म्हणाली नाही की जात नाही. पासपोर्ट, दाखले, फोटो, एक एक गोष्ट ती सवडीने करत राहिली, आणि झालेली गोष्ट कपाटात ठेवून पुढची करायला विसरत राहिली. गर्शोमनेही पहिल्यांदा केव्हा येतेस म्हणून विचारलं, मग कमी विचारलं, मग नाही. आणि या दिवाळीच्या सुमारास जोकबेदचं पत्र आलं, की लष्करात भरती व्हायच्या आधी मला दोन आठवडे मोकळे आहेत, मी येते. तिकडे मुलींनाही लष्करात जावं लागतं. बाबांनी तिकिटाचं बघितलं आहे. इंग्रजीत लिहिलं होतं, सरळ, उभ्या अक्षरांत. शेवटी मराठीत फक्त "तुझी जोकबेद".

विमान दुपारी बाराला उतरणार होतं. शुलामिथने सकाळची पहिली एस.टी. पकडली. डिसेंबर होता, तळोज्यापर्यंत खिडकीतून धुकं आत येत होतं. शिळफाट्याच्या पुढे मुंब्र्याच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पुढे मिठाच्या गोणींचा ट्रक आडवा झाला होता आणि रस्ताभर मीठ सांडलं होतं. कोणाला लागलं नव्हतं. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, मग पुरुष माणसं विड्या ओढायला उतरली. क्रेन ठाण्याहून यायची होती. शुलामिथ आपल्या जागेवर बसून राहिली. पहिला तास तिने काही विचार केला नाही. डोंगराच्या कडेला उन्हं आली, धुकं गेलं, कोणी तरी गोणीतलं मीठ रुमालात बांधून आणलं. मग तिला वाटलं, आता ती तेहरानवरून निघाली असेल. आता समुद्रावर असेल. आता कराचीच्या खालून. तिला ते सगळं नकाशावर सरकणाऱ्या बोटासारखं दिसत होतं, आणि आपण एकाच ठिपक्यावर थांबलो आहोत. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "विमानतळावर कोणाला आणायला?" ती म्हणाली, "मुलीला." तो म्हणाला, "विमान काय, लेट होतच असतं." पण त्या दिवशी विमान वेळेवर होतं.

सायनला उतरून टॅक्सीने ती पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. उतारू केव्हाच पांगले होते. बाहेरच्या बाकावर एक उंच मुलगी सुटकेसवर पाय टाकून बसली होती. केस मानेपर्यंत कापलेले, हात उन्हाने रापलेले, अंगात खाकी स्कर्ट. शुलामिथ तिच्यासमोरून एकदा पुढे गेली. मागून आवाज आला, "आई." ती वळली. मुलगी उभी राहिली होती आणि तिच्यापेक्षा वीतभर उंच होती.

"मी केव्हाची बसलेय," जोकबेद म्हणाली. "तू मला घ्यायला उशिरा आलीस."

ती रागावली नव्हती. पण ते वाक्य, त्याचा हेल, शेवटच्या अक्षरावर येणारा किंचित रडवा ताण हे सगळं नऊ वर्षांच्या मुलीचं होतं. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभ्या राहिलेल्या मुलीचं. आवाज मात्र मोठ्या बाईचा. तिने मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नेहमी नवजात मूल धरते तसा, आणि लगेच सोडला.

परतीच्या गाडीत तिला कळलं की जोकबेदचं मराठी तिथेच थांबलं आहे. घरात गर्शोम फारसं बोलत नसे, आणि शेजारपाजारी मोरोक्कोचे, रुमानियाचे लोक. तिकडे तिला योखी म्हणत. नऊ वर्षांच्या मुलीला जेवढं बोलायला लागतं तेवढं तिला स्वच्छ येत होतं. भूक, झोप, मैत्रिणी, मार, गंमत, कट्टी. त्याच्या पुढचं नव्हतं. "लष्कर" हा शब्द तिला येत नव्हता, ती म्हणाली, "शिपाई-शिपाई खेळतात तसं, पण खरं." अडली की ती इंग्रजीत शिरे, आणि मधेच सासूबाईंचा एखादा शब्द बाहेर येई. "अगो बाई," ती म्हणाली, मुंब्र्याच्या खाडीवर सूर्य बघून. ते ऐकून पुढच्या बाकावरची बाई मागे वळून बघायला लागली. या खाकी स्कर्टमधल्या मुलीच्या तोंडी जुन्या म्हातारीचं बोलणं. शुलामिथ खिडकीबाहेर बघत राहिली. आपण जिथे सोडली तिथेच ही मुलगी कुठे तरी बसून राहिली आहे आणि तिच्याभोवती दुसरी एक वाढली आहे असं तिला वाटलं. मग तिला वाटलं की हा विचार बरोबर नाही, आणि तिने जोकबेदला विचारलं, विमानात जेवायला काय होतं.

घरी पहिले काही दिवस बरे गेले. जोकबेद मशिदीत जाऊन आली, आजोबा-आजीच्या कबरीवर पाणी घालून आली. जुन्या आळीतली बंद घरं बघून तिने एकेकाचं नाव सांगितलं आणि ते आता तिकडे कुठल्या गावात राहतात तेही सांगितलं. तिच्या तोंडून ती गावं जवळची वाटत, पेण-रोहे म्हणावं तशी. शेजारची कमळाबाई रोज काही तरी घेऊन येई आणि तिला बोलतं करी. कमळाबाई म्हणाली, "आईला घेऊन जायला आलीस ना?" जोकबेदने मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधे कुठे तरी. शुलामिथ स्वयंपाकघरात होती. तिने हे ऐकलं. भाकरी तव्यावर टाकलेली होती, ती उलटायला हवी होती, आणि ती उलटली.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या दोघी गव्हाणला एका बाळंतिणीला बघून परत येत होत्या. जोकबेद पिशवी उचलायला म्हणून बरोबर आली होती. मिठागराच्या बांधावरून वाट होती. दोन्ही बाजूंना नुकतं पाणी घेतलेले वाफे, त्यांत लाल होत चाललेलं आकाश. जोकबेद पुढे चालत होती. मागे न बघता ती म्हणाली, "शाळेत मुली विचारायच्या, तुझी आई कुठे. मी सांगायचे, तिला विमानाची भीती वाटते, म्हणून ती बोटीने निघालीय."

शुलामिथ तिच्या मागून चालत राहिली.

"मग एकदा तामारने विचारलं, बोट अजून कशी पोचली नाही? मी तिच्याशी कट्टी केली." ती थांबली आणि वळली. "खरंच वाटते का तुला भीती?"

होय म्हणणं सोपं होतं. शुलामिथच्या ते ओठांवर आलं. होय म्हटलं असतं तर मुलगी इतकी वर्षं खरं बोलत आली असं झालं असतं. ती परत जाऊन बापाला सांगू शकली असती, तामारला सांगू शकली असती. भीतीला कोणी काही म्हणत नाही. शिवाय ते अगदीच खोटंही नसतं. कशाची तरी भीती वाटतच होती. बांधाच्या कडेला मिठाची पहिली पांढरी साय धरायला लागली होती. शुलामिथ तिच्याकडे बघत उभी राहिली. कळांमध्ये असलेल्या बायका तिला विचारतात, बाई, अजून किती वेळ? आणि ती कधीही 'झालंच' असं खोटं सांगत नाही. सांगितलं तर बाई जोर लावायचं सोडते. हे तिला इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसरं काही सुचेना.

"नाही," ती म्हणाली. "विमानाची भीती नाही वाटत."

"मग?"

"आजी होती तोवर तिच्यासाठी थांबले, ते खरं आहे. ती गेल्यावर मला कळलं की मला इथेच राहायचं होतं."

"आम्ही तिकडे होतो तरी?"

"तुम्ही तिकडे होतात तरी."

जोकबेदच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती शब्द शोधत होती आणि ते तिला मिळत नव्हते, हे स्पष्ट दिसत होतं. शुलामिथला वाटलं की आता ती इंग्रजीत बोलेल, किंवा त्या तिसऱ्या भाषेत, जी आपल्याला कळत नाही, आणि तसं केलं तर बरं होईल. पण ती मराठीतच बोलली.

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

"मी विचारलं."

"हो. तू विचारलंस."

"मी रोज वाट बघायचे," जोकबेद म्हणाली. "पहिल्या वर्षी. मग नाही."

शुलामिथ म्हणाली, "मीसुद्धा." आणि ते खरं होतं का याचा तिने लगेच, तिथेच उभ्या उभ्या विचार केला. पहिल्या वर्षी ती रोज रात्री मुलीचा फ्रॉक उशाशी घेऊन झोपत होती. मग एकदा उलव्याला दोन रात्री मुक्काम पडला, आणि परत आल्यावर तिने फ्रॉक घडी करून ठेवला. ज्या दिवशी ठेवला तो दिवस तिला आठवत नव्हता. मुलीलाही आठवत नसेल. दोघींनी आपापल्या ठिकाणी कधी तरी ते सोडलं होतं, कदाचित एकाच सुमाराला, आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. हे तिला मुलीला सांगावंसं वाटलं. पण जोकबेद पुन्हा चालायला लागली होती. पिशवी तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्यानंतर दोन दिवस जोकबेद घरात फारशी बोलली नाही. जेवली, झोपली, ओट्यावर बसून पाय हलवत राहिली. कमळाबाईने विचारलं, पोर आजारी आहे का? शुलामिथ म्हणाली, नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेहमीची गर्दी होती. खोकल्याची मुलं, पोटुशा बायका, पायाला जखम करून घेतलेला एक आगरी माणूस. शुलामिथ एकेकाला आत घेत होती. पट्टी बांधून झाली आणि तिने मान वर केली, तर बाकावर दोन बायकांच्या मधे जोकबेद बसली होती. ती रांगेत होती. शुलामिथने तिला हाक मारली नाही. एक बाई गेली, दुसरी गेली, मग जोकबेद उठली, तिच्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसली आणि म्हणाली, "माझं डोकं दुखतंय."

शुलामिथने तिच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. तिने हात तसाच ठेवला. मागे बसलेली बाई मुलाला थोपटत वाट बघत होती. "केव्हापासून?" शुलामिथने विचारलं.

"परवापासून."

"डोळे मीट."

तिने मिटले. शुलामिथने अंगठ्याने तिच्या भुवयांच्यावर दाबलं, कानशिलापर्यंत नेलं, पुन्हा दाबलं. खरं म्हणजे दवाखान्यात असं कोणाचं डोकं ती चेपत नसे. मागची बाई काही म्हणाली नाही. जरा वेळाने जोकबेदने डोळे उघडले, "बरं वाटलं" म्हणाली आणि उठून गेली. त्या दुपारी घरी आल्यावर ती बोलायला लागली. तिकडच्या वाळवंटाबद्दल, बापाच्या खोकल्याबद्दल, एका मुलाबद्दल, ज्याचं नाव ती दोनदा सांगून गेली आणि मग सांगायची थांबली. बाबा एकटे राहतील मी गेल्यावर, ती म्हणाली. शुलामिथने ऐकून घेतलं. बाबांना पत्र लिही, जोकबेद म्हणाली, खरं ते लिही. शुलामिथ म्हणाली, लिहीन. कसं लिहायचं ते तिला माहीत नव्हतं, पण लिहिणार होती.

परत जायच्या दिवशी त्या खूप आधी निघाल्या. रस्त्यात काही झालं नाही. सांताक्रूझला पोचल्या तेव्हा विमानाला बराच वेळ होता. सामान दिलं, कागद दाखवले, आणि आत जायच्या दारापाशी दोघींनी निरोप घेतला. शुलामिथने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादाचे शब्द म्हटले. जोकबेदने तिचा हात घेऊन ओठांना लावला. "मी पुन्हा येईन," ती म्हणाली, आणि शुलामिथने "ये" म्हटलं. कधी, हे दोघींनीही विचारलं नाही. या वेळी शुलामिथला रडू आलं, थोडं, आणि तिने ते पदराने पुसलं. जोकबेदही रडली. सगळं नीट झालं होतं, जसं व्हायला हवं तसं. मग भिंतीवरच्या कर्ण्यातून सांगितलं गेलं की विमान उशिरा सुटणार आहे, तीन तास तरी, आणि उतारूंना हवं तर बाहेर बसता येईल.

त्या दोघी एकमेकींकडे बघून जराशा ओशाळल्या. निरोप घेऊन झाला होता. बोलायचं ते बोलून झालं होतं. त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. शुलामिथने चहा आणला, डब्यातला उरलेला पोळीचा तुकडा जोकबेदने खाल्ला. उन्हं बाकाच्या पायांपाशी आली होती. कोणी तरी गावाकडची मंडळी एका मुलाला हार घालून उभी होती. तोही थांबला होता, आणि गळ्यात हार तसाच. जोकबेद म्हणाली, "सगळे थांबलेत." मग तिला जांभई आली. रात्री ती झोपली नव्हती. शुलामिथला ते माहीत होतं, कारण तीही झोपली नव्हती. जोकबेदने सँडल काढल्या, पाय बाकावर घेतले आणि काही न विचारता डोकं आईच्या मांडीवर टेकलं. क्षणात तिचा श्वास लांब झाला.

शुलामिथ हलली नाही. मांडीवरचं ते डोकं जड होतं. इतकं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या हातांवर जन्मलेल्या मुलांची डोकी सगळी एका तळहातात मावणारी. आखूड केसांतून तिला डोक्याची कातडी दिसत होती, आणि कानामागे एक जुनी खूण. तिकडे केव्हा तरी पडली असेल, टाके घातले असतील, कोणीतरी तिला धरून बसलं असेल. गर्शोम असेल. शुलामिथला गर्शोमचा चेहरा त्या प्रसंगी कसा असेल ते डोळ्यांसमोर आणता आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याच्याबद्दल माया वाटली, दूरची, शेजाऱ्याबद्दल वाटावी तशी. ऊन सरकत बाकावर आलं. तिने पदर पसरून मुलीच्या डोळ्यांवर सावली धरली. हात अवघडला, मग त्याला मुंग्या आल्या, मग काहीच कळेनासं झालं. आजूबाजूची माणसं उठत होती, बसत होती. हारवाल्या मुलाने शेवटी हार काढून आपल्या आईच्या हातात दिला. शुलामिथने घड्याळाकडे बघितलं नाही. कुठे जायचं आहे, कोण येणार आहे, कोणाला पोचवायचं आहे, असं काहीच नसलेला हा वेळ होता. या मुलीला नऊ वर्षांची असल्यापासून आजवर कुणी असा दिला नसेल. आपल्यालाही कुणी दिला नव्हता.

कर्णा खरखरला. एका बाईच्या आवाजात विमानाचं नाव आलं, तेहरानचं नाव आलं, उतारूंनी आत यावं असं आलं. हारवाली मंडळी एकदम उठली. जोकबेदचे ओठ झोपेत हलले, तिने गाल मांडीवर घासला आणि पुन्हा शांत झाली.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शुलामिथने तिला उठवलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा उठवलं.